शेवंतीच्या पायावरचा डाग

धुळे, चैत्र वद्य पंचमी

चि. रुपचंद, तुला नि सूनबाईला आईचे पोटभर आशीर्वाद.

अरे, काल सगळ्यांआधी आत आल्या आपल्या व्याहीणबाई, शेवंतीच्या होणाऱ्या सासूबाई. मागून व्याही झुलालभाऊ, हातात साखरपुड्याची साखर. परत द्यायला आणलेली! चहासुद्धा घेईनात. आपल्या शेवंतीच्या पायावर कोड आहे, असं कोणी त्यांच्या कानात घातलेलं.

मी तोंड सोडणारच होते, तर शेवंतीनं माझा हात दाबला. तिच्या शाळेत बाई रविवारी विचार करून बोलायचा वर्ग घेतात ना? मी म्हणायची, पोरगी भांडायला शिकते. तर ती शांतपणे म्हणाली, "मामा, पुढे नातवंडांना कोड होईल, हीच काळजी ना तुमची?"

"हाव, तीच शे," झुलालभाऊ म्हणाले.

"डाग कोणी डोळ्यानं पाहिलाय?"

पाहिला कोणीच नव्हता!

मग तिनं पाऊल पुढे केलं. "सहा वर्षांची असताना काटा मोडला, आजीनं बिब्याचा चटका दिला, त्याचा हा डाग. दहा वर्षांत तिळभर वाढला नाही. तरी शंका असेल तर डॉक्टरांना दाखवू, तुम्हीच सोबत चला."

भाऊ वाकून बघतात काय नि हसत सुटतात काय! "आस्साच डाग मना गुडघावर बी शे!" धोतर वर करून दाखवलासुद्धा. व्याहीणबाई लाजून चूर.

सूनबाईचा खोकला कसा आहे? तिला वाचून दाखवताना शेवट आधी सांग, नाहीतर रडत बसेल.

लग्नाला शेवंतीची परीक्षा झाल्यावरची तिथी धरू म्हणाले. आखाजीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा येतायत.

तुझी आई