आबांच्या दगडावरची तिसरी ओळ

५ फेब्रुवारी, रविवार

आबांना माती देऊन आज पाचवा दिवस, आणि माझ्या लेकीने, शाकेदने, माझ्या भावाला, उझीला, "फॅसिस्ट" म्हटलं. भावाने तिला "देशद्रोही" म्हटलं. दोघंही शोकाच्या बुटक्या स्टुलांवर, गुडघे छातीशी घेऊन. आमच्यात सुतकात आरसे झाकतात ते बरंच आहे. माझं तोंड मला बघवलं नसतं.

भांडण दगडावरून. आई गेली तेव्हा आबांनी कबरीसाठी जोडदगड घेतला होता. डावा अर्धा तिचा, उजवा अकरा वर्षं कोरा. आता तो भरायचा. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत तारखा. तिसऱ्या ओळीत उझीला "झायोनिस्ट" हवंय, म्हणजे ज्यूंचं इथे स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणारा.

"आजोबांवर ते लिहू नको, उझीमामा," शाकेद म्हणाली. "एकोणीस वर्षांचे असताना ते काय म्हणायचे? दोन लोक, एक देश, सगळ्यांना सारखा हक्क!"

"तेव्हा असं म्हणणारेही स्वतःला झायोनिस्टच म्हणवायचे. वाच जरा!"

"आणि आज कोणी असं म्हटलं तर त्याला तू काय म्हणतोस?"

तिथेच ते दोन शब्द उडाले. शेजारणीच्या हातातला केक तसाच राहिला.

नंतर स्वयंपाकघरात दोघांनी मला वेगवेगळं गाठलं. उझी — शब्द नसेल तर मी तिसाव्या दिवशी, दगड उघडायला, येणार नाही. शाकेद — शब्द असेल तर मी बर्लिनहून येणार नाही. आबांना मुलगा एकच. तो आला नाही तर प्रार्थना म्हणणार कोण? आणि मला लेक एकच.

६ फेब्रुवारी

अबू वदीअ आले. तळमजल्यावरचे, आमचे अरब शेजारी. काळ्या कॉफीचं भांडं घेऊन, तिन्ही जिने चढून, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. ते दारात दिसले आणि उझीने मला डोळ्यांनी खुणावलं — आता तो विषय नको. शाकेदही गप्प. आठवड्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं!

चाळीस वर्षं दर शुक्रवारी आबांचा आणि त्यांचा सोंगट्यांचा डाव चालला. डाव कसला, भांडणंच. फासे आपटायचे, मग अरबीतून आरडाओरडा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर. आबा म्हणायचे, "तो एकटाच मला तोंडावर शिव्या देतो. बाकीचे पाठीमागे देतात."

आज ते आबांच्या खुर्चीसमोर बसून राहिले. जाताना म्हणाले, "दगड झाला की सांग, पोरी." मी हो म्हटलं.

७ फेब्रुवारी

शोकाचे सात दिवस संपले. रीतीप्रमाणे उठून चौकाला एक फेरी मारायची, सगळ्यांनी मिळून. उझी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालला. शाकेद अलीकडून. मी मधून चालले असते, पण तिथे बस येते.

दुपारी शाकेद विमानतळावर गेली. मिठी मारली, पण घाईची.

९ फेब्रुवारी

आबा स्वतःला काय म्हणवायचे? दिवसभर आठवत बसले.

एकदा बसथांब्यावर एका पोराने त्यांना "डावा गद्दार" म्हटलं. आबा म्हणाले, "बाळा, तुझा बाप जन्मायच्या आधीपासून मी झायोनिस्ट आहे." आणि एकदा बातम्या बघताना त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "हे जर झायोनिस्ट असतील तर मला दुसरं नाव शोधा." दोन्ही मी ऐकलंय. कुठलं खरं धरू?

चाळीस वर्षं मी औषधाच्या दुकानात बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. आत काय आहे ते बघायचं आणि चिठ्ठी लावायची, एवढं सोपं. इथे आत काय आहे तेच कळत नाही. स्वतःच्या बापाच्या आत!

१० फेब्रुवारी

कारागिराचा फोन. "बाई, तिसाव्या दिवसापर्यंत हवं असेल तर सोमवारी मजकूर द्या." सोमवार म्हणजे तेरवा. झोप नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळी सकाळी उझी दारात. कोट चुरगळलेला. काल सरकारविरुद्धच्या मोर्च्याला गेला होता, आबांचा जुना झेंडा घेऊन. समोरच्या फुटपाथवर सरकारच्या बाजूचे, त्यांच्याही हातात तेच झेंडे. तिथून एक पोरगं ओरडलं, "देशद्रोही! झायोनिस्टांचे दुश्मन!"

"मला, त्सिला! मला! एकतीस वर्षं सैन्याच्या राखीव दलात गेलो मी. गुडघा अजून वाकत नाही माझा!"

मी चहा ठेवला. माझ्या जिभेवर आलं होतं — आता कळलं शाकेदला कसं वाटलं असेल? पण बोलले नाही. तो रडत होता. साठी उलटलेला माझा धाकटा भाऊ.

कप खाली ठेवून म्हणाला, "राहू दे. त्या शब्दाची ज्याने त्याने काठी केलीय. आबांच्या डोक्यावर नको."

मग मीच म्हटलं, "बसचालक लिहू या? चौतीस वर्षं बस चालवली त्यांनी."

उझी हसला. नाक पुसत हसला.

शाकेदला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामाला सांग, मी चुकले. शब्द फार मोठा वापरला मी." उझीही माझ्या शेजारून ओरडला, "मी पण!"

१३ फेब्रुवारी

मजकूर दिला. "नफ्ताली. बसचालक, वडील, आजोबा." कारागीर म्हणाला, "सुटसुटीत आहे." आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

१ मार्च

शाकेद आली. उझीच गेला आणायला! दोघं गाडीतून उतरले ते भांडत भांडतच, पण विषय विमानतळावरची गर्दी. अबू वदीअंना उद्याची वेळ सांगून आले.

२ मार्च, गुरुवार

दगडावरचं कापड काढलं. उझीने प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. शाकेदने त्याचा दंड धरला होता. मला वाटलं, आबा, जमलं बघा तुमच्या त्सिलाला.

रीतीप्रमाणे सगळ्यांनी दगडावर आठवणीचा एकेक खडा ठेवला. अबू वदीअ शेवटी पुढे आले. खडा हातात होता. त्यांनी दगड वाचला, पुन्हा वाचला.

"बसचालक, एवढंच?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अठ्ठेचाळीस साली आम्हाला हाकलून आमचं गाव रिकामं केलं तेव्हा तुझा बाप तिथे बंदूक घेऊन होता. मी नऊ वर्षांचा. हे मला त्याने स्वतः सांगितलं, पहिल्याच डावाला. म्हणाला, माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, मी झायोनिस्ट होतो, आजही आहे, आता डाव मांडायचा की उठून जायचं ते तू ठरव. एवढं तोंडावर सांगणारा मला दुसरा भेटला नाही. म्हणून मी बसलो."

मी म्हटलं, "आम्हाला माहीत नव्हतं."

"विचारलं कुठे तुम्ही?"

त्यांनी खडा खिशात टाकला आणि फाटकाकडे चालू लागले.