कडेगावचा लेप

रवि., ३ फेब्रुवारी १९७४. इस्लामपूर

सुमनच्या हनुवटीवर आणखी दोन. ग्रंथात तारुण्यपिटिका, आमच्या घरात पुटकुळ्या, आणि पाहुण्यांपुढे ‘जरा उष्णता झालीय’. वस्तू एकच.

साताऱ्याचं स्थळ महिनाअखेर आमच्या सुमनला बघायला येणार. मुलगा तिथल्या हायस्कुलात गणित शिकवतो. सौ.ची भूक गेली आहे, आणि ती गेली की माझ्या ताटातलं मीठही जातं.

माझं सांगणं जुनंच. साध्या पाण्यानं तोंड धू, केसाचं तेल कपाळावर उतरू देऊ नको, उशीचा अभ्रा बदलत जा, नखं लावू नको. सौ. म्हणाली, हे सगळं फुकटचं आहे म्हणून कुणी ऐकत नाही. वर्गात माझ्या संस्कृतची तीच गत आहे.

गुरु., ७ फेब्रु.

कडेगावहून आक्का आल्या. सौ.च्या थोरल्या बहीण. सोबत पितळी डबा, त्यात लेप. चंदन, मसूर, अनंतमूळ, सगळं दुधात वाटलेलं. झोपताना लावायचा, उठल्यावर धुवायचा. “गावातल्या साऱ्या पोरी लावत्यात,” म्हणाल्या. “कुणाची तक्रार न्हाई.”

मी म्हटलं, तक्रार करायला पोरींना तोंड उघडावं लागतं, आणि त्यावर तर लेप आहे. कुणी हसलं नाही.

मंगळ., १२ फेब्रु.

सुमनचा चेहरा नितळ. पुटकुळ्या बसल्या, लाली गेली, रंगसुद्धा एक पायरी वर. सौ. दिवसभर गुणगुणते आहे.

मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. निसर्ग इतका तत्पर नसतो. इतकं तत्पर कोणीच नसतं, अपवाद फक्त फसवणाऱ्यांचा. शाळेत संस्कृत शिकवतो खरा, पण सांगलीच्या पेपराला बातम्या पाठवून पाठवून मन असं झालं आहे. एखाद्या कामाचं उद्घाटन वेळेवर झालं तरी आत काहीतरी शिजलंय असं वाटतं.

डबा उघडून पाहिला. डाळीचा लेप वाळतो, तडकतो. हा वाळत नाही. बोटाला तुपासारखा चिकटतो. चंदन असल्याचं शब्दप्रमाण आक्कांचं, वास मात्र दवाखान्याचा.

रवि., १७ फेब्रु.

माझ्या पायाला, चपलेच्या पट्ट्याखाली, जुना इसब आहे. कशालाच दाद देत नाही. चोरून त्यावर कडेगावचा लेप लावत होतो. खाज थांबली, कातडी गुळगुळीत.

मसुराच्या डाळीनं इसब बरा होत असता तर मी आमटीतच पाय घालून बसलो असतो. यात औषध आहे. कुठलं, ते कळेना. सौ.ला म्हटलं, तर म्हणाली, “गुण आला तरी तुमचं रडणंच. येऊ नये असं आहे का?”

रवि., २४ फेब्रु.

साताऱ्याची मंडळी येऊन गेली. मुलगा, त्याची आई, आणि मध्यस्थ म्हणून त्यांचा एक दूरचा मामा. मुलगा अबोल. आई बोलक्या, नजर सराफाची. सुमनला बसवून घेतलं, दोन प्रश्न स्वयंपाकाचे, एक शिवणाचा, बाकी सगळी परीक्षा डोळ्यांनी. “तोंड कसं आरशासारखं आहे,” म्हणाल्या.

पसंती. साखरपुडा मेच्या सुट्टीत. सौ.नं पाहुणे वळणावर दिसेनासे होताच डब्याला हात जोडले. खरोखर जोडले.

सुमनला विचारलं, तुला मुलगा कसा वाटला? म्हणाली, “पोहे खाताना शेंगदाणे बाजूला काढत होते.” हे पसंत की नापसंत, कळायला मार्ग नाही.

शनि., ९ मार्च

दुसरा डबा एसटीच्या कंडक्टरकडून आला. दोघी बहिणींचं काहीतरी ठरलेलं आहे असा माझा संशय. विचारलं की सौ. विषय बदलते. आज मी लेपाचं काढलं तर तिनं माझ्या दाढेचं काढलं. सुमनला विचारलं तर ती आईकडे बघते. घरात मी एकटा विरोधी पक्ष.

सांगलीहून संपादकांचा निरोप. कुठून ऐकलं देव जाणे, पण महिलांच्या पानासाठी ‘घरगुती लेप’ लिहून हवा आहे. लिहिणार नाही. मला कृती ठाऊक नाही, हे कारण दिलं. ते तेवढं खरं.

गुरु., २८ मार्च

सुमनचे गाल उन्हात निघाले की पेटतात. सौ. म्हणते, चैत्राचं ऊन. पण ऊन तर माझ्याही गालावर पडतं. जवळून पाहिलं तर गालावर बारीक तांबड्या रेघा, कोष्ट्याच्या सुतासारख्या. ओठाच्या वर लव वाढलेली.

तिनं मधे आपणहून लेप बंद केला होता, हे आज कळलं. दोनच दिवसांत तोंड भरून फोड आले, आग आग झाली. पुन्हा लावला, बसले. “लावलं नाही की जास्त येतं, बाबा.” सांगताना नखाशी खेळत होती.

हे बरं होणं नव्हे. ही सवय. दारूचीही अशीच असते.

शनि., १३ एप्रिल

सुमनच्या डाव्या गालावर, हाडाच्या खाली, फिकट डाग. रुपयाएवढा. सौ.नं पाहिला आणि आधी खिडकी लावून घेतली.

त्या रोगाचं नाव आमच्यात कुणी उच्चारत नाही. मीही इथं लिहिणार नव्हतो. कोड. हा शब्द एकदा गल्लीत गेला की सुमनचं हे स्थळ तर जाईलच, पुढचंही कुठलं येणार नाही. मग डाग राहो की जावो.

सौ.नं दुपारभर तांदूळ निवडले. मग म्हणाली, “आमच्यात कुणाला नाही. तुमच्यात?” तीस वर्षांत प्रथमच माझ्या घराण्याबद्दल विचारपूस.

बुध., १७ एप्रिल. कडेगाव

निमित्त, साखर कारखान्याचा हंगाम संपल्याची बातमी. हंगाम माझ्याशिवायही संपला असता.

आक्का शेताकडे गेलेल्या. सुभेदार, म्हणजे माझे साडू, अंगणात बैलाच्या खांद्याला मलम चोळत होते. जोखडानं सोलवटलेला खांदा. वास नाकात शिरला. तोच वास. फक्त चंदन वजा.

विचारलं, हे कसलं?

“फौजेचं हाय, मास्तर. पोरगं मेडिकलात हाय न्हवं का, सुट्टीवर येताना डबाच आणतंय. बैलाला लावा, माणसाला लावा. फस क्लास.”

आक्कांच्या लेपात घालता काय, असं विचारायला मला फार धीर करावा लागला. त्यांना उत्तर द्यायला मुळीच लागला नाही.

“घालतो की. ही दुधात वाटती, घरापुरतं ठीक हाय. पर यष्टीत उन्हाचं इस्लामपूरला जायाचं म्हंजी नासणार. म्हणून मी कोरडी पूड घेतो आन् ह्यात मळतो. टिकतंय बी, आन् गुण बी लवकर.”

आक्कांना माहीत आहे?

“तिला काय सांगायचं? डबा भरून पाठवायचं काम माझं.”

आणि मी दोन महिने दोघी बहिणींवर पाळत ठेवून. कट नव्हताच. भर उन्हात, अंगणात, कुणीही बघावं असा कारभार. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

सुमनच्या डागाचं सांगितलं. सुभेदारांचा हात बैलाच्या खांद्यावर थांबला. “फौजेच्या मालात भेसळ नसती, मास्तर.” मी म्हटलं, भेसळ नाही म्हणूनच ही गत झाली. औषध चोख आहे, पण पोरीच्या गालाचं नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, “आमच्या गल्लीतल्या पोरी बी ह्येच मलम लावत्यात.”

निघताना मागून आले. “बैलाला तरी चालतंय का?” मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. मलमाच्या डब्यावरचं नाव चिठ्ठीवर उतरवून घेतलं.

शनि., २० एप्रिल. सांगली

सुमन, सौ. आणि मी कातडीच्या डॉक्टरांकडे. चिठ्ठी वाचून त्यांनी चष्मा काढला. मलम स्टेरॉइडचं निघालं. कोड नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्या वेळी सौ. रडत होती. मलमानं त्या जागचा रंग उडालाय आणि कातडी पातळ झालीय. रंग बहुतेक परत येईल. तांबड्या रेघांचं सांगता येत नाही. माझ्या इसबालाही ते आपल्या मनानं लावू नका म्हणाले. इसब मी लपवला होता, सौ.नं सांगितला.

लेप, मलम, लिंबू, हळद, दुधाची साय, सगळं बंद. तोंडाला फक्त पाणी. उन्हात पदर. गोळ्या लिहून दिल्या. बंद केल्यावर आधी खूप बिघडेल, मग सुधारेल. घाबरून पुन्हा लावलंत तर पहिल्यापासून सुरुवात.

सौ.नं विचारलं, किती दिवस बिघडेल? ते म्हणाले, महिनेही लागतील. साखरपुडा तर तीन आठवड्यांवर.

रवि., २१ एप्रिल

घरात पानिपत. सौ.चं म्हणणं, साखरपुडा होईपर्यंत लावू दे, मग बंद कर. पुढं लग्नापर्यंत, मग पहिल्या सणापर्यंत, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “तुम्हाला काय, तुम्ही पेपरात लिहून मोकळे. घरी बसणारी पोर माझ्याजवळ बसणार आहे.”

 मी तिची चेष्टा करतो, पण हिशेब तिचाच खरा. गल्लीत चंदनाचा वास कुणी विचारत नाही, डाग विचारतात.

सुमन ऐकत होती. उठली, स्टुलावर चढून डबा फडताळात सर्वांत वर ठेवला, खाली उतरून मोरीत तोंड धुतलं. 

गुरु., २ मे

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. तोंड सुजलं, फोडांनी भरलं, गाल भाजल्यासारखे. मधे तो फिकट डाग उठून दिसतो. सुमन उशीला गाल लावू शकत नाही, बसल्या बसल्या डुलकी घेते. हात दोनदा फडताळाकडे गेलेला मी पाहिला. दोनदा परत आला.

शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. साखर न घेताच गेल्या.

मंगळ., ७ मे

मध्यस्थ मामांचा निरोप. साताऱ्याच्या कानावर काहीतरी आलंय. साखरपुडा तूर्त थांबवू, रविवारी पुन्हा बघायला येतो, दिवसाउजेडी. ‘दिवसाउजेडी’ हा शब्द मामांनी जरा हळू उच्चारला.

आम्ही त्यांच्यावर संशय घ्यायचा की त्यांनी आमच्यावर, एवढाच प्रश्न उरलाय. सौ. म्हणते, चार दिवस लेप लावला तरी तोंड निवेल. माझ्याकडे न बघता म्हणाली. खोटं कशाला लिहू, मी लगेच ‘नको’ म्हणालो नाही. ‘नको’ सुमन म्हणाली.

रवि., १२ मे

आले. मुलगा आणि आई.

आईंनी सुमनला दाराशी उजेडात नेलं. हनुवटी धरून तोंड वळवलं. पदराचं टोक पाण्यात बुडवून गालावरून फिरवलं, पावडर निघते का पाहायला. सुमननं ओठ घट्ट मिटले.

“तेव्हा तर आरशासारखं होतं.”

“ते मलमानं होतं,” सुमन म्हणाली. सगळं सांगितलं. कडेगाव, डबा, बैल, डॉक्टर. बैलाचं सांगायची गरज नव्हती, असं सौ.चा चेहरा म्हणत होता. डॉक्टरांचा कागद मी पुढं केला. आईंनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

“हे जाणार कधी?”

“सांगता येत नाही म्हणालेत.”

मग आई स्वयंपाकघरात सौ.जवळ गेल्या. आवाज खाली, पण भिंत पातळ. त्यांच्या धाकट्या लेकीचंही बघायचं चाललंय, तिच्या तोंडावर फार आहेत, पुढच्या आठवड्यात लोक येणार. तो डबा उरला असेल तर. एवढ्यापुरताच.

सौ. काय म्हणाली असती, मला ठाऊक नाही. तिच्या हातात त्या क्षणी मुलीचं लग्न होतं आणि फडताळ हाताला लागत होतं. स्टूल ओढल्याचा आवाज आला.

सुमन आत गेली. “आहे, पण देणार नाही,” म्हणाली. “तिच्या गालाला नको.”

आई बाहेर आल्या त्या थेट चपलांकडे. मला म्हणाल्या, “मुलगी बोलते फार.” मी म्हटलं, हो.  उत्तर मामांकडून कळवतो म्हणाल्या. कसलं उत्तर, ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. किंवा होतं, आणि मी वाचलं नाही.

मुलगा मागं रेंगाळला. दाराशी सुमनला काहीतरी विचारलं. ती काहीतरी बोलली. मी तीन हातांवर उभा, एक अक्षर ऐकू आलं नाही. एवढी वर्षं बातमीदारी करून.

ते गेल्यावर विचारलं.

“दुखतं का, म्हणाले.”

“मग?”

“हो म्हटलं.”

“त्यावर?”

“त्यावर काही नाही, बाबा. एसटीची वेळ झाली होती.”