गोळी विरघळेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय समुपदेशन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. जन्मभर लोकांची डोकी ठिकाणावर आणली, तेव्हा माझंही असेलच असं धरून चालावं.

१. समुपदेशनाच्या खोलीतल्या दोन खुर्च्या आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा माझ्या शिष्येला द्यावा. डब्याचं कारण सांगते. आमचे बाबा रागावले की आठवडा-आठवडा बोलत नसत. घरात चमचा पडला तरी छातीत धस्स व्हायचं. त्यामुळे पुढे समोरचा माणूस जरा गप्प झाला की माझा जीव वरखाली होई आणि मी बडबड सुरू करी. बिचारा मन मोकळं करायला आलेला, माझंच ऐकून घरी जाई. शेवटी मला शिकवणाऱ्या मॅडमनी हातावर गोळी ठेवली. "ही विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही." तेव्हापासून लोक बोलू लागले. माझ्या दातांची मात्र वाट लागली.

शिष्येचे वडील ती लहान असताना घर सोडून गेले. म्हणून बऱ्या झालेल्या माणसालाही तिला "आता येऊ नका" म्हणवत नाही. तिने आपली गोळी आपण शोधावी.

२. राहतं घर थोरल्या बहिणीला. ताई तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. का, तर जेवताना मी म्हटलं, "ताई, तुझा राग भाजीवर नाही, बाबांवर आहे." निदान अचूक होतं हो, पण तिने मागितलं कुठे होतं? अबोला धरण्यात ती थेट बाबांवर गेली आहे. मला तिची फार आठवण येते. घराच्या निमित्ताने तरी तिने मी जिवंत असताना माझ्याशी बोलावं, एवढंच हवंय.

३. दातांच्या डॉक्टरांना काहीही देऊ नये. त्यांनी भरपूर घेतलं आहे.

दुरुस्ती: कलम दोन रद्द. घर ताईच्या मुलीला. आज सह्यांसाठी बोलावलं तर ताई आली आणि सरळ साक्षीदाराच्या खुर्चीत बसली. वकील म्हणाले, "साक्षीदाराला वाटा मिळत नाही, बरं का."

"नको मला घर. ही शुद्धीवर आहे की नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? आणा ते पेन." मग माझ्याकडे वळली. "आणि तू गं, टाक ती गोळी तोंडात. मला तीन वर्षांचं बोलायचंय."

स्थळ: माझी खोली, दुसरा मजला
दिनांक: पाच जून, दुपार
साक्षीदार: १. थोरली बहीण (सही केली, अजून बोलते आहे) २. खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले
सही: माझी. चौथी गोळी चालू.