भिंतीतला एकुलता एक खिळा

बाबा,

काल आपल्या घराचा ताबा दिला. तुमच्या भाषेत, चार्ज दिला. घेणारा कापसाचा व्यापारी आहे. त्याला घर नको होतं, कोपरा हवा होता. पुढच्या महिन्यात सगळं पाडून खाली दुकानं आणि वर तीन मजले बांधणार आहे. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, त्यामुळे विचारायचा प्रश्न नव्हता. तरी विचारायला हवं होतं असं वाटत राहिलं.

आदिलाबादच्या टोकाला माजी सैनिकांची ही कॉलनी झाली तेव्हा मी नववीत होते. इतक्या लांब राहायला कोण जाणार, म्हणून गावातले लोक हसायचे. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, आपल्याला कोपऱ्याचं आलं. कारभार सगळा छावणीचा. फाटकं एकाच हिरव्या रंगाची, रविवारी सकाळी कमिटीच्या कॅप्टनसाहेबांची फेरी, वेल कुंपणाबाहेर आली तरी घरी चिठ्ठी. विकायचं झालं तर कमिटीला विचारून, तेही दुसऱ्या फौजीलाच. बाकीचे या नियमांवर कुरकुरायचे. तुम्ही मात्र खूश होतात.

पहिल्याच आठवड्यात आई निर्मल गावाहून आणलेलं रंगीत चित्र लावायला हातोडी घेऊन उभी राहिली. तुम्ही अंघोळ अर्धी टाकून धावत आलात.

"खिळा काऊन ठोकून राह्यली? भिंत खराब होते."

"आवो, घर आपलं हाय नं आता?"

"हाय. पण सोडताना भोकं मोजतात."

फौजेतली बावीस वर्षं, दर बदलीला क्वार्टर सोडताना सरकारी बाबू यादी घेऊन यायचा. बल्ब, काचा, भिंतीतली भोकं मोजायचा आणि नुकसान पगारातून कापायचा. आता येणारं कोणी नव्हतं, तरी दाराआड तुमच्या अक्षरात यादी लागलीच. पंखे दोन, बल्ब सात, काचा अकरा. चित्र कपाटाला टेकून राहिलं. पुढे नोकरीला लागल्यावर मी एकदा तुमच्यावर चिडले, "आईनं अजून किती वर्षं पाहुण्यासारखं राहायचं?" दुसऱ्या दिवशी तुम्ही सुताराकडून चित्र उभं ठेवायला तीन पायांचा लाकडी घोडा करून आणलात. आई म्हणाली, "खिळ्यापरीस याचीच अडचण जास्त." पण तो घोडा ती रोज पुसायची.

मग गाव आपल्यापर्यंत आलं आणि कमिटी नावापुरती उरली. दलाल यायला लागले. "साब, घर का क्या है, पैसा तो कोने का है." तुम्ही त्यांना चहा पाजायचात आणि सांगायचात, "वापराले देल्लं हाय, इकाले नाई." कोणी दिलं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

तुम्ही गेलात त्याच्या तेराव्या दिवशी आईनं तीच हातोडी काढली. बैठकीच्या भिंतीत बरोबर मधोमध खिळा ठोकला आणि तुमचा फोटो लावला. मी धरायला गेले तर मला बाजूला केलं. म्हणाली, "आता घ्या म्हणावं लिहून." त्यानंतर ती त्या घरात कशी ऐटीत राहिली, ते तुम्ही पाहायला हवं होतं.

मागच्या वर्षी आईही गेली. माझी नोकरी हैदराबादला, छत गळतं, भाडेकरू टिकत नाहीत. कारणं खरी आहेत. विकल्याचा पश्चात्ताप मला नाही, वाईट मात्र फार वाटतं.

काल व्यापारी येण्याआधी फोटो उतरवला, खिळा उपटला. भोक उरलं. मी नाक्यावरच्या दुकानातून पांढरं सिमेंट आणलं, भोक भरलं, बोटानं सपाट केलं, वरून चुना फिरवला. भिंत पडणार हे माहीत असताना. व्यापारी आला, त्यानं भिंतीकडे पाहिलंही नाही, रस्त्याची रुंदी तेवढी पावलांनी मोजली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिते. बाबा, भिंत तुम्हाला हवी तशी करून दिली. आईला सांगू नका.