खंडेनवमीची रांग

आई,

तुझ्या लुगड्याला मुंग्या लागायच्या. उद्यमनगरातल्या त्या फाउंड्रीत तू कोअर करायचीस. पंपाचं, इंजिनाचं ओतकाम करताना आत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात ते वाळूचे गाभे. वाळूत जवसाचं तेल आणि काकवी कालवायची, पेटीत ठासायची आणि तयार झालेले गाभे भट्टीत भाजायला द्यायचे. संध्याकाळी तू यायचीस तेव्हा करपलेल्या गुळाचा वास तुझ्या आधी घरात शिरायचा. नव्या शेजारणीला वाटलं होतं, तू गुऱ्हाळावर कामाला जातेस. लुगडं बदलून खुंटीवर टाकलंस की भिंतीवरून मुंग्यांची ओळ निघायची. तू तिकडे बघायचीही नाहीस, आधी माठाकडे जायचीस. उभ्यानंच तांब्या तोंडाला लावायचीस. एक संपला की दुसरा. मी ओरडायची, अगं बसून पी की. तू नुसता हात वर करून मला थांबवायचीस.

दिवसभर तू पाणी पीत नव्हतीस, हे मला बरंच उशिरा कळलं. सकाळी कपभर चहा आणि मग संध्याकाळपर्यंत घोटही नाही, तेही भट्टीच्या शेजारी बसून. कारखान्यात बायकांना जायला जागाच नव्हती. पुरुष मागच्या भिंतीपलीकडे ओढ्याला जायचे. तुम्ही भंगाराच्या ढिगाआड जायचात. एकीनं लुगडं आडवं धरायचं, दुसरीनं बसायचं, आणि पत्र्याच्या शेडवरून कुणीतरी शिट्टी मारायचं. त्यापेक्षा पाणीच नको. तुझ्या शेजारी बसणाऱ्या कागलच्या मावशीला सारखी उन्हाळी लागायची, लघवीला आग व्हायची. धणे भिजवलेलं पाणी प्यायची, कण्हायची, पुन्हा कामावर यायची. तिच्यासाठी म्हणून तू पहिल्यांदा मालकाला आडवी गेलीस. तो हसला होता. "शेतात कामाला जात हुतासा तवा काय संडास बांधून दिलता व्हय गं कुणी?" तू म्हणालीस, "शेतात ऊस हुता, मालक. हितं कुठं लावलाय ऊस?" हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मी तिथंच उभी होते असं आता वाटतं. सांगताना तू हसायचीस. मला हसू यायचं नाही. त्या माणसाचे दात कसे असतील, एवढंच मी मनात बघायची.

मग संप झाला. बाबा मी लहान असतानाच गेलेले, घर तुझ्या एकटीच्या हातावर. तरी तू पहिल्या दिवसापासून गेटवर बसलीस. रेशनवर तेव्हा लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, मिळायचा. त्याच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा नाही आणि चवही लागायची नाही. तू तांब्याची घागर मोडीत घातलीस, त्यावर काही दिवस गेले. मी शाळा सुटली की दप्तरासकट गेटवर यायची. बायका घोषणा द्यायच्या. घसा बसला की कागलची मावशी जात्यावरच्या ओव्यांत मालकाला घालून गायची, आणि बंदोबस्तावरचे पोलीससुद्धा तोंड फिरवून हसायचे. आपण जिंकणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. मागण्यांत पगारवाढ होती, बोनस होता, कायम करण्याचं होतं आणि सगळ्यात शेवटी बायकांसाठी संडास. तो तुझ्या हट्टानं घातलेला.

तालमीच्या पटांगणात युनियनच्या पुढाऱ्यानं टेबलावर चढून समझोता सांगितला, तेव्हा मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसले होते. पगार वाढला होता, बोनस मिळाला होता. टाळ्या, शिट्ट्या, गुलाल. तू उठलीस. "संडासाचं काय झालं?" पुढारी म्हणाला, "ते मालक बघून घेतो म्हणालेत." तू म्हणालीस, "बघून घेतो म्हंजे काय बघणार हाय त्यो?" पटांगण हसलं. पुढारी समजूत घातल्यासारखा म्हणाला, "बाई, संप पोटासाठी असतोय." आणि तू, पदर कमरेला खोचून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालीस, "आणि पोटाच्या खाली तुम्हा गड्यांच्यात काय नसतंय व्हय?" आता कुणी हसलं नाही. कुणीतरी मागून ओरडलं, बसवा रे त्या बाईला. आपल्याच माणसांनी तुला बसवलं, आई. गुलाल त्यांच्या कपाळावर होता.

दुसऱ्या दिवशी तू भाकरी बांधून कामावर गेलीस. मला वाटलं, संपलं. पण तू खंडेनवमीची वाट बघत होतीस.

त्या दिवशी यंत्रांची पूजा असायची. कामगारांनी बायकापोरांना घेऊन यायचं, मालकाचे पाहुणे मोटारीतून यायचे. भट्टीला झेंडूची माळ, लेथवर हळदकुंकू, सगळ्यांना पेढे. तू तुझं ठेवणीतलं लुगडं नेसलीस, मला नववीतल्या मुलीला दोन वेण्या घातल्यास. कोअरवरच्या सगळ्या बायका नटून आलेल्या. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून पोटभर पाणी प्यायला होतात, हे मला नंतर मावशीनं सांगितलं. पूजा झाली, आरती झाली, आणि तू जिन्याकडे निघालीस. वर ऑफिस होतं. ऑफिसच्या शेजारी पाहुण्यांसाठी बांधलेला संडास, पांढऱ्या फरशीचा, परदेशी भांड्याचा. कारकून आडवा आला. "कुठं चाललायसा?" तू म्हणालीस, "दर्शनाला."

तू आत गेलीस. बाहेर आलीस. मग मावशी. मग पुढची. जिन्यावर रांग लागली, वरपासून खाली भट्टीपर्यंत, सगळ्या हळदकुंकू लावलेल्या आणि हातात पेढा धरलेल्या. मलाही तू आत ढकललंस. साखळी ओढल्यावर पाणी असं गर्जून आलं की मी दचकून दार उघडून बाहेर पळाले, आणि रांगेतल्या बायका पोट धरून हसल्या. तेवढ्यात मालकाच्या पाहुण्यांपैकी एक जाडजूड बाई घाईघाईनं वर आली आणि रांग बघून थबकली. मागोमाग मालक. मी त्याचे दात पहिल्यांदा जवळून बघितले. बारीक होते, पानानं रंगलेले.

"ह्ये काय चाललंय?"

"रांग हाय, मालक," तू म्हणालीस. "पावणीला बी नंबर लावाय सांगा. लई वेळ न्हाई लागायचा, आमची सवय हाय आवरून घ्यायची."

पाहुणी बाई रांगेत उभी राहिली, आई. खरंच राहिली. तिला राहवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुला गेटवरूनच परत पाठवलं. ते तुला अपेक्षित होतं, भाकरी बांधून नेलीच नव्हतीस. पण मालकानं ते भांडं उपटून काढलं. त्याच्या माणसांनी ते गेटबाहेर गटारीच्या कडेला आणून टाकलं आणि घणानं फोडलं. बायका कामाला येत होत्या, त्यांच्यासमोर. आत नवं बसवलं, फरशी गोमूत्रानं धुतली. तू ते बघत उभी होतीस. घरी आलीस ती चुलीपुढे बसलीस आणि चूल पेटवली नाहीस. "मला कामावरनं काढलं त्याचं काय न्हाई गं," म्हणालीस. "पर भांडं फोडलं. आम्ही बसलो म्हणून भांडं फोडलं." मी पहिल्यांदा तुझा आवाज फाटलेला ऐकला. मग माझ्याकडे वळून तू म्हणालीस, "इसरू नगंस." मी काहीतरी बोलायला गेले तर माझ्या दंडाला धरून हलवलंस. "रडू बी नगंस आणि इसरू बी नगंस."

उद्यमनगरात तुला पुन्हा कुणी उभं केलं नाही. तू डंकीवर मिरची कांडायला गेलीस. त्या खकाण्यात खोकत माझं डी. एड. पुरं केलंस, मी शहराच्या कडेच्या एका शाळेत बाई म्हणून लागले, आणि तुझे पाय सुजायला लागले. थोरल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, मूत्रपिंडं गेलीत, हे एका वर्षातलं दुखणं नव्हे. त्यानं विचारलं, पाणी कमी प्यायच्या का? 

तुझ्यामागे मालक मोठा झाला. दुसरा कारखाना काढला, सफारी घालू लागला, त्याच्या नावामागे लोक 'दानशूर' लावू लागले. देवळाला मंडप, तालमीला पत्रा. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही शाळेला सभागृह हवं होतं, म्हणून स्नेहसंमेलनाला त्याला प्रमुख पाहुणा आणलं. आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. ते मी मागून घेतलं होतं. आमच्या शाळेत मुलींना जायला जागा नव्हती. आठवीच्या पुढं मुली महिन्यातले काही दिवस घरी राहायच्या, आणि मग कायमच्याच. मी माइकसमोर उभी राहिले, सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाले, "साहेबांनी आत्ताच चहाच्या वेळी मला शब्द दिला आहे की मुलींसाठी प्रशस्त स्वच्छतागृह ते स्वतःच्या नावानं बांधून देणार आहेत. कोल्हापूरच्या इतिहासात लेकीबाळींची अशी काळजी कुणी केली नसेल."

त्यानं मला कसलाही शब्द दिलेला नव्हता. चहाच्या वेळी तो माझ्याशी बोललाही नव्हता. पण मागच्या सतरंजीवर बसलेल्या आयांनी अशा टाळ्या वाजवल्या की थांबेचनात. एक म्हातारी उठून म्हणाली, "तुझं भलं हुईल रं बाबा." अध्यक्षांचा चेहरा पडला. मालक उठला, हात जोडले. दुसरं करणार काय?

बांधकाम झालं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, नाव आत कुठंतरी बारीक लावू. बरं दिसत नाही." मी म्हटलं, "सर, दान देणाऱ्याचं नाव झाकू नये." संगमरवर मी स्वतः निवडला. अक्षरं वीतभर उंचीची, काळ्या रंगात भरलेली, रस्त्यावरून वाचता येतील अशी, बरोबर दारावर. उद्घाटनाला त्याला फेटा बांधला, हलगी लावली. संडासाच्या दारात फेटा बांधून उभा असलेला तो माणूस मी डोळे भरून बघितला. कात्रीचं तबक माझ्या हातात होतं. कात्री देताना मी हळूच म्हणाले, "माझी आई तुमच्याकडं कोअरला होती. खंडेनवमीला रांग लावलेली."

मला वाटलं होतं, त्याला आठवणार नाही. त्याला लगेच आठवलं. माझ्या चेहऱ्यात तुला शोधत राहिला. "लई त्वांडाळ बाई," म्हणाला. "हाय का?"

"गेली. मूत्रपिंडं गेली."

कात्री त्याच्या हातात तशीच राहिली. हलगी वाजत होती. मग फोटोवाल्याकडे बघत, ओठ न हलवता त्यानं विचारलं, "मग झालं का आता समाधान?"

"न्हाई," मी म्हटलं. "फीत कापा."

आई, पोरी भारी असतात. वर्षभरात त्यांनी त्या जागेला 'दानशूर' नाव पाडलं. "बाई, दानशूरला जाऊन येऊ?" तास चालू असताना कुणीतरी बोट वर करायची आणि अख्खा वर्ग खदखदायचा. इतर शिक्षिका रागवायच्या. मी म्हणायची, जा, सावकाश जाऊन ये. पुढं त्याच्या मुलानं संस्थेला निरोप धाडला, वाचनालय बांधून देतो, तेवढी पाटी काढून तिकडे लावा. तोवर मी हेडबाई झाले होते. पाटी काढली नाही. वाचनालय दुसऱ्यानं बांधलं.

लोक मला सांगतात, बाई, किती चांगलं काम झालं, किती मुली शिकल्या. मी मान हलवते. चांगलं काम करायला मी गेलेच नव्हते.

गेल्या सोमवारी तो गेला. खूप म्हातारा होऊन, घरच्या पलंगावर, सगळी मुलंनातवंडं भोवती असताना गेला. शाळेनं शोकसभेला मला निवृत्त हेडबाई म्हणून बोलावलं. मी पांढरी साडी नेसून गेले, दोन शब्द बोलले, उभी राहून स्तब्धता पाळली. घरी येऊन हातपाय धुतले आणि शिरा केला. साजूक तुपातला, वेलदोडे घालून. सून म्हणाली, "आई, आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, खावासा वाटला."

हे कागद घडी करून कुठं ठेवणार, ते ठरवलेलं नाही. टपालात टाकायला तर कुठं जाणार. तुला म्हणून सांगते, कुणाला बोलले नाही. शिरा मी दोनदा वाढून घेतला.