पेटीतलं खमीर

नीसान ११, रविवार

सकाळी आईला माती दिली. रिवाजाप्रमाणे खलफोनने सदऱ्याची कॉलर फाडली, माझ्या पोलक्याचा गळा तूफाहा मावशीने फाडला. दुपारपासून आम्ही बहीण-भाऊ जमिनीवर गादी टाकून बसलो आहोत. शेजारणींनी उकडलेली अंडी आणि मसूर आणली. खाल्ली.

आमचे धर्मगुरू रिब्बी सांगून गेले, सुतकाचे पूर्ण सात दिवस मिळायचे नाहीत. बुधवारी संध्याकाळी आम्हा यहुद्यांचा वल्हांडण सण लागतो. सण आला की सुतक तुटतं. अंघोळ करायची, चांगले कपडे घालायचे, चार पेले द्राक्षारस प्यायचा. आनंद करायचा. तो हुकूम आहे.

घरापासून दूर ट्यूनिसमध्ये वीस वर्षं गणित शिकवण्यात घालवली. आणि आईच्या सुतकाला चार दिवस!

नीसान १२

सुतकात आम्ही कामाला हात लावायचा नाही, आणि सणाआधी घरात खमिराचा कणही राहता कामा नये. म्हणून गल्लीतल्या बायका आल्या. मावशी सगळ्यांची मुकादम. मी खाली बसलेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत आईचं घर धुतलं जातंय. चुलीमागच्या भिंतीवर ती हात टेकायची, तिथे काळपट डाग होता. चुन्याचा कुंचला फिरला. गेला.

मी उठायला लागले, तशी मावशी ओरडली.

"बस गं खाली! जन्मभर पोरांना बसवलंस, आता चार दिवस तुला बसवत नाही?"

बायका हसल्या. मीही हसले बहुतेक.

जाताना मावशी म्हणाली, "उद्या ते खमिराचं मडकं रिकामं करते."

आईचं मडकं! आंबट पिठाचा गोळा — रोज थोडा वापरायचा, थोडा राखायचा. "हे माझ्या आईचं," असं ती दर वेळी म्हणायची. मी सणाला यायचे तेव्हा घर आधीच स्वच्छ झालेलं असायचं. खमीर कुठे जायचं, कधी विचारलं नाही. कुठेतरी जपून ठेवत असणार. नाहीतर आजीचं आजपर्यंत टिकलं कसं?

नीसान १३

बायका जेवायला गेल्या. खलफोनला भिंतीला टेकून डुलकी लागली होती. मडक्यातून मूठभर काढलं, कोरड्या पिठात चोळून भुगा केला, फडक्यात बांधला. आईच्या कपड्यांच्या पेटीत, अगदी तळाशी.

खमीर घरात दिसू नये, सापडू नये — पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

मावशी मडक्यात डोकावली. "एवढंसंच?"

"शेवटी शेवटी ती कमीच करायची," मी म्हटलं. किती सहज निघालं तोंडातून!

दिवेलागणीला खलफोन मेणबत्ती घेऊन झडतीला निघाला. कोपरे, फळ्या, कोटांचे खिसे. पेटीपाशी थांबला.

"यात काय?"

"आईचे कपडे."

त्याने झाकणावर हात ठेवला. उघडलं नाही. तिथेच रडायला लागला.

मला रडू आलं नाही. माझं सगळं लक्ष त्याच्या हाताकडे.

नीसान १४, बुधवार

अंगणात उरलंसुरलं जाळलं. खलफोनच्या मागून सगळ्यांनी म्हटलं — माझ्याजवळचं सारं खमीर, पाहिलेलं नि न पाहिलेलं, मातीमोल होवो. मी नुसते ओठ हलवले.

आता उठायचं. अंघोळीचं पाणी तापलंय.

नीसान २३, शुक्रवार

आठ दिवस लिहिलं नाही. सणात लिहायचं नसतं. जेवताना रोज पेटीकडे पाठ करून बसले. बेखमीर भाकरी नुसती मोडत राहिले. मावशीने पाठीवरून हात फिरवला, "आठवण येते ना गं?" हो म्हटलं. खोटं. आई आठवतच नव्हती. फक्त पेटी!

काल सण उतरला. सणात लपवलेलं खमीर पुढे कधीच खायचं नसतं, तेही ठाऊक आहे. तरी आज दुपारी मी ते भिजवणार.

त्याच दिवशी, दुपारी

मबरूकाआजी आली. मागच्या गल्लीतली मुसलमान शेजारीण, आईच्या वयाची. हातात वाटी, वर ओलं फडकं.

"मडकं आण, पोरी."

"हे काय?"

"खमीर! सण उतरला की दरवर्षी तुझी आई न्यायला यायची. तुमच्या घरचं जाळून टाकायची, आणि माझ्या दारात येऊन म्हणायची, दे गं माझ्या आईचं! तिची आई माझ्या सासूकडून न्यायची ना. मी म्हणायचे, तुझ्या आईचं कसलं, माझ्या सासूचं आहे, म्हणून तर एवढं आंबट!" हसता हसता तिने डोळे पुसले. "सकाळपासून वाट पाहिली. म्हटलं, हिला कोण सांगणार?"

मडकं घासायचंय म्हणून वाटीच ठेवून घेतली. ती गेल्यावर दार लावलं. पेटीतलं गाठोडं अंगणात फडक्यासकट जाळलं. मडक्यावर चुन्याचे शिंतोडे होते. खाली बसून राखेने घासलं, दोनदा. धुऊन उन्हात उपडं घातलं.