इफला कंस हवाच

प्रिय ताई,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. राहू दे.

आई बरी आहे, गुडघा सोडून. मीही मजेत आहे. आमच्या कंपनीत सी भाषेतला कोड कसा मांडायचा याचे नियम ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. ओळ किती आत सरकवायची, कंस कुठे उघडायचा, नावं कशी द्यायची. तू म्हणशील, हिला भांडायला विषय मिळाला. मिळाला खरा.

माझी पहिली नोकरी तूच लावलीस. मावशी सांगत सुटली होती, माझ्या लेकीनं धाकट्या बहिणीला हाताला धरून मार्गी लावलं. पुठ्ठा कापायच्या त्या यंत्राचा कोड तुझ्या ताब्यात होता. जो आला त्यानं आपल्या तऱ्हेनं लिहिलेला. सगळा एकसारखा कर, असं तूच मला सांगितलंस. मी म्हटलं होतं, ताई, प्रत्येक इफच्या अटीला महिरपी कंस घालू या, आत एकच ओळ असली तरी. तू सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशी हसलीस. 'एका माणसाला दोन छत्र्या कशाला गं? तू फक्त मोकळ्या जागा नीट कर.' मी केल्या. जागा आपोआप सारख्या करणारा फॉरमॅटर चालवला आणि जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे शेवटचा बदल करणारी म्हणून माझं नाव लागलं.

मग ते यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरची दोन बोटं गेली. पातं वर असेल तरच झाकणाचं कुलूप उघडायचं, एवढी साधी अट. अटीखाली एकच ओळ होती, कंस नव्हता. कुणीतरी तिच्या वर मोजणीची आणखी एक ओळ घातली. दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या, म्हणून डोळ्यांना दोन्ही अटीतल्या वाटतात. पण कंस नसला की यंत्र पहिलीच ओळ अटीत धरतं, दुसरी अट न बघताच चालवतं. पातं खाली येत असतानाही कुलूप उघडं राहिलं.

मालकांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, ही ओळ कुणाची? पुढे माझं नाव. मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगत होते की मी फक्त जागा बदलल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. तुला कळत होतं. जागांचे बदल वगळून कुठली ओळ कुणी लिहिली हा इतिहास काढायला तुला एक कमांड पुरली असती. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, 'नवीन आहे साहेब, सांभाळून घ्या.' किती मायेनं म्हणालीस गं! त्या मायेनंच माझी नोकरी गेली.

मावशीनं आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून आईला ऐकवलं, तुझ्या पोरीनं एका माणसाचा हात घालवला, माझ्या लेकीची मान खाली गेली. कितीतरी दिवस मला ताट वाढताना आई माझ्या हातांकडे बघायची.

तुमच्या मालकांनी तो सगळा कोड इतिहासासकट विकला, आणि तो घेतला आमच्या कंपनीनं. मी पहिल्याच दिवशी ती एक कमांड चालवली. मोजणीच्या ओळीपुढे तुझं नाव आलं. मला वाटलं होतं रडू येईल. मी कँटीनमध्ये जाऊन पोटभर जेवले.

नियमावलीतला पहिला नियम आता असा आहे: इफला कंस हवाच. खाली उदाहरण म्हणून तुझ्या ओळी आहेत, जशाच्या तशा, नावासकट. तुमची नवी कंपनी आमची कामं करते, त्यामुळे तुझ्या हाताखालच्या पोरांनाही ते वाचावं लागतं. ती तुझ्या मागे हसतात, असं कानावर आलं.

काल मावशी आली होती. तू पाठवलंस तिला. 'बहिणी बहिणीत असं करतात का? ते नाव तेवढं काढून टाक,' म्हणाली. नाही काढणार. आणखी एक. त्या ऑपरेटरला मी शोधून काढलं. नवशिक्या मुलीची चूक म्हणून त्याचं प्रकरण तेव्हा चिल्लर भरपाईत मिटवलं होतं. ते आता पुन्हा उघडतंय. आज सकाळी त्याच्या वकिलाला मी सगळा इतिहास दिला आणि साक्षीला उभी राहीन असं लिहूनही दिलं. तुला नोटीस येईल. ती आल्यावर कुणी केलं म्हणून तू चार जणांवर संशय घेत बसू नयेस, नीट माझंच नाव घ्यावंस, यासाठी हे पत्र.

तुझीच,
छोटी